काळ्या भारी जमिनीसाठी मिनी ट्रॅक्टरचा रोटाव्हेटर कसा निवडावा

मिनी ट्रॅक्टरसाठी रोटाव्हेटर, म्हणजे फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारे अवजार, घ्यायला गेलेल्या शेतकऱ्याला दुकानात पहिला प्रश्न विचारला जातो तो "तीन फुटी की चार फुटी?" हा. त्याचे उत्तर ट्रॅक्टरच्या ताकदीइतकेच जमिनीवर अवलंबून असते, आणि जमीन काळी, भारी असेल तर ते बहुतेक वेळा अरुंद अवजाराच्या बाजूने जाते. पुढील विवेचन 18 ते 28 अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरांना आणि द्राक्ष, मोसंबी, संत्रा यांच्या बागांत किंवा कापूस-सोयाबीन-हरभऱ्याच्या लहान क्षेत्रांत आढळणाऱ्या खोल काळ्या जमिनीला धरून केले आहे. मुरमाड किंवा पोयट्याच्या जमिनीत यातील बरेचसे नियम सैल करता येतात.

प्रथम जमिनीचा स्वभाव लक्षात घ्यावा. बेसाल्ट खडकापासून तयार झालेल्या या जमिनीत चिकणमातीचे प्रमाण मोठे असते आणि त्या चिकणमातीत मॉन्टमोरिलोनाइट गटातील खनिजे असतात, जी पाणी शोषून फुगतात आणि वाळताना आक्रसतात. त्यामुळे उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, ढेकूळ दगडासारखे कठीण होते, आणि पावसानंतर तीच माती पात्यांना, ती बसवलेल्या फिरत्या दांड्याला (रोटरला) व आतल्या पत्र्याला लापशीसारखी चिकटते. या दोन टोकांच्या मध्ये वाफशाचे मोजके दिवस मिळतात. रोटाव्हेटर निवडायचा तो या मोजक्या दिवसांत काम पुरे करील आणि मातीची रचनाही मोडणार नाही असा.

आता रुंदी. ट्रॅक्टरच्या माहितीपत्रकावर इंजिनाची अश्वशक्ती मोठ्या अक्षरात छापलेली असते, परंतु रोटाव्हेटर चालतो तो पीटीओवर, म्हणजे अवजाराला शक्ती देणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावर, मिळणाऱ्या शक्तीवर, आणि ती साधारणपणे इंजिनाच्या 85 टक्क्यांच्या आसपास धरावी. माझा ठोकताळा असा आहे की वाफशावर, चार इंच खोलीसाठी, भारी जमिनीत रोटाव्हेटरच्या दर फुटाला पीटीओची सहा अश्वशक्ती लागते. म्हणजे 24 अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरला सुमारे 20 मिळतात आणि त्याला साडेतीन फूट ही कमाल रुंदी होते. 18 अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरला अडीच, फार तर तीन फूट पुरेत, आणि 28 च्या ट्रॅक्टरला चार फूट देता येतात. दुकानदार याहून एक आकार मोठा सुचवतात, कारण ते हलक्या जमिनीचा हिशेब सांगत असतात.

मोठ्या रुंदीचा मोह पडतो तो वेळ वाचेल म्हणून. तेव्हा तोही हिशेब करून पाहू. ताशी अडीच किलोमीटर वेगाने साडेतीन फुटी अवजार वळणे वगळता एक एकर सुमारे दीड तासात पुरे करते आणि चार फुटी अवजार सुमारे 80 मिनिटांत. फरक दहा-बारा मिनिटांचा. परंतु चार फुटी अवजाराखाली 24 अश्वशक्तीचे इंजिन दबू लागले की चालक एक गिअर खाली येतो किंवा खोली कमी करतो आणि ती दहा मिनिटे तिथेच संपतात. मी स्वतः सुरुवातीला ही चूक केली होती. पहिल्या हंगामात इंजिन सतत काळा धूर ओकत राहिले, आणि माती मात्र दोन-अडीच इंचांच्या खाली कधी हललीच नाही.

अरुंद अवजाराची एक खरी अडचण आहे, ती म्हणजे ट्रॅक्टरच्या चाकांची खूण. मागच्या दोन चाकांचे बाहेरून बाहेरपर्यंतचे अंतर टेपने मोजावे. रोटाव्हेटर त्याहून कमी रुंद असेल तर दाबलेली पट्टी मागे राहते, आणि भारी जमिनीत ती पट्टी वाळून विटेसारखी होते. अशा वेळी चाकांतील अंतर कमी करता येते का ते पाहावे, किंवा जोडणीचे बिंदू एका बाजूला सरकवता येतील अशी रचना असलेले अवजार घ्यावे, म्हणजे एका चाकाची खूण लगेच पुसली जाते आणि दुसरी पुढच्या फेरीत. बागेत या सरकवण्याचा आणखी एक फायदा असा की ट्रॅक्टर ओळीच्या मधोमध ठेवून खोडाच्या जवळपर्यंत जाता येते.

पात्यांच्या आकाराकडे फारसे कोणी लक्ष देत नाही, आणि चिकण जमिनीत सर्वांत जास्त फरक त्यानेच पडतो. बाजारात बहुधा इंग्रजी 'एल' अक्षरासारखी काटकोनी वळलेली पाती बसवून मिळतात. तण आणि पिकांचे अवशेष कापायला ती चांगली असतात, परंतु त्यांचा तळाचा सपाट भाग ओल्या चिकणमातीवर थापीसारखा घासला जातो आणि त्या खोलीवर गुळगुळीत, घट्ट थर तयार करतो. 'सी' आकाराची पाती अर्धगोल वळलेली असल्यामुळे ती तळाशी कमी घासतात, त्यांना माती कमी चिकटते आणि ताकदही कमी लागते. त्यामुळे काळ्या जमिनीसाठी माझी पसंती निःसंशय 'सी' पात्यांना आहे. 'जे' आकाराची पाती कठीण, फारशी न हललेली जमीन फोडायला उपयोगी पडतात, पण बागेच्या नेहमीच्या कामात त्यांची गरज क्वचितच भासते. पाती बोरॉन स्टीलची असावीत, आणि 'एल' व 'सी' दोन्ही आकारांची पाती रोटरवरच्या त्याच चकतीच्या छिद्रांत बसतात का हे दुकानातच एक पाते लावून पाहावे.

चकतीवर किती पाती आहेत यावरून ढेकळाचा आकार ठरतो. रोटर मिनिटाला 200 फेरे घेत असेल आणि ट्रॅक्टर ताशी अडीच किलोमीटरने, म्हणजे मिनिटाला सुमारे 42 मीटर चालत असेल, तर रोटरच्या एका फेऱ्यात ट्रॅक्टर 21 सेंटिमीटर पुढे जातो. चकतीवर सहा पाती असतील तर तीन डावीकडे व तीन उजवीकडे वळलेली असतात, म्हणून प्रत्येक पाते सात सेंटिमीटर जाडीचा तुकडा कापते; चार पाती असतील तर हा तुकडा साडेदहा सेंटिमीटरचा होतो. हरभऱ्यासारख्या पिकाला सात सेंटिमीटरचा काप पुरेसा असतो, कारण तो रोटाव्हेटरच्या मागच्या फळीवर आदळून आणखी फुटतो. याहून बारीक करण्याचा हट्ट धरू नये. पीठ झालेल्या काळ्या मातीवर पहिला जोराचा पाऊस पडला की पापुद्रा धरतो आणि कोंब वर येईनासे होतात.

याच कारणासाठी शक्य असल्यास रोटरचा वेग बदलता येणारा, म्हणजे मल्टिस्पीड गिअर बॉक्स घ्यावा. माती किंचित ओलसर असताना रोटर सावकाश चालवता येतो आणि कोरडी ढेकळे फोडताना वेग वाढवता येतो. ट्रॅक्टरच्या बाजूने दोन गोष्टी विचाराव्यात: पीटीओचे मिनिटाला 540 फेरे इंजिनाच्या कोणत्या वेगावर मिळतात, आणि त्या वेगावर सर्वांत खालच्या गिअरमध्ये ट्रॅक्टर किती सावकाश चालतो. काही ट्रॅक्टर या स्थितीत ताशी दोन किलोमीटरच्या खाली येतच नाहीत आणि भारी जमिनीत तिथेच अडतात.

बाजूच्या डब्यातून रोटरला शक्ती पोचवण्यासाठी चेन असते किंवा गिअर. चेनचे अवजार हलके आणि स्वस्त असते, परंतु पाते कठीण ढेकळावर आदळले की बसणारे धक्के चेन वारंवार घेते आणि सैल पडते. भारी जमिनीसाठी गिअरचेच घ्यावे. त्याचे जास्तीचे वजन ट्रॅक्टरची लिफ्ट बहुधा सहज उचलते, पण अवजार उचलल्यावर पुढची चाके हलकी पडतात का हे पाहावे आणि पडत असतील तर पुढे वजने लावावीत. ओल्या मातीत काम होणार असल्यामुळे रोटरच्या दोन्ही टोकांच्या बेअरिंगना चिखल आत न जाऊ देणारे चांगले सील आहेत का, हेही विचारावे. दगड लागल्यास आधी तुटणारा शिअर बोल्ट किंवा घसरणारा क्लच असलाच पाहिजे, आणि तुटलेल्या बोल्टच्या जागी हाताला लागेल तो कडक बोल्ट कधीही घालू नये, कारण मग तुटतो तो गिअर.

अनुदान घ्यायचे असेल तर राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करून पूर्वसंमती मिळाल्यानंतरच खरेदी करावी, आणि निवडलेल्या मॉडेलचा तपासणी अहवाल विक्रेत्याकडे आहे का हे आधीच पाहावे.

कितीही चांगले अवजार चुकीच्या दिवशी शेतात घातले तर ते नुकसानच करते. चार इंच खोलीवरची मूठभर माती घेऊन तळहातांत तिची वात वळावी. बोरूच्या जाडीइतकी बारीक वात न तुटता वळली तर जमीन ओली आहे. वळता वळता तुकडे पडले तर वाफसा आला. आणि गोळाच होत नसेल तर रोटाव्हेटरच्या आधी कल्टिव्हेटरची पाळी द्यावी. हरळी, लव्हाळा किंवा कुंदा माजलेल्या पट्ट्यात रोटाव्हेटर घालूच नये, कारण प्रत्येक तुटलेला तुकडा नवे रोप होतो. दर हंगामी पाच-सहा इंच खोलीपर्यंत लोखंडी सळई टोचून पाहावी. ती एकाच खोलीवर अडू लागली तर तिथे घट्ट थर बसला आहे, आणि तो फोडायला उन्हाळ्यात मोठ्या ट्रॅक्टरचा सबसॉयलर (खोलवरचा थर फोडणारे अवजार) भाड्याने आणावा लागतो.

ताबा घेताना पीटीओचा शाफ्ट स्वतःच्या ट्रॅक्टरला जोडून घ्यावा आणि लिफ्ट पूर्ण वर व पूर्ण खाली करून पाहावी: वर-खाली होताना त्याची नळी आत टेकता कामा नये आणि दोन्ही नळ्या एकमेकींत किमान वीतभर राहिल्या पाहिजेत. शाफ्टवरचे प्लॅस्टिकचे आवरण काढू नये, धोतर, उपरणे किंवा साडीचा पदर त्याच्या जवळ जाऊ देऊ नये, आणि पात्यांत अडकलेले तण इंजिन बंद केल्याशिवाय हाताने ओढू नये. पहिल्या दिवसाचे काम झाल्यावर पात्यांचे सर्व बोल्ट पुन्हा आवळावेत. नव्या अवजाराचे बोल्ट पहिल्या काही तासांतच सैल पडतात.