महाभारताची प्रश्नमंजुषा : पर्वं नको, माणसं वाटून घ्या

चारपाच मित्र मिळून तयारी करत असाल तर 18 पर्वांचे वाटे घालू नका. प्रत्येकाला आपला तुकडा तेवढा पाठ होतो आणि गोष्टीचे धागे सुटतात. त्याऐवजी माणसं वाटा. ज्याच्याकडे कर्ण, त्याने आदिपर्वातल्या शस्त्रस्पर्धेपासून वनपर्वातलं कवचकुंडलांचं दान, उद्योगपर्वातली कुंतीची भेट, कर्णपर्वातला मृत्यू असं शोधत जायचं. आणि तिथे थांबायचं नाही, कारण तो आपला मुलगा होता हे कुंती पांडवांना सांगते ते त्याच्या मृत्यूनंतर, स्त्रीपर्वात. हे असं शोधून सापडलेलं विसरत नाही!

नावांची वही मात्र सगळ्यांची एकच ठेवा. विराटपर्वात अर्जुन राजपुत्र उत्तराला आपली दहा नावं सांगतो, त्यांत ‘कृष्ण’ हेही आहे. द्रौपदी कृष्णा, व्यास कृष्णद्वैपायन. चांगले चांगले इथे अडखळतात.

कौरवांचे सेनापती क्रमाने हवेत? भीष्म, द्रोण, कर्ण, शल्य ही सहा ते नऊ क्रमांकांच्या पर्वांचीच नावं. दिवस 10, 5, 2 आणि शेवटचा 1.

स्पर्धेसाठी कोणती संहिता धरली आहे, हे आधी विचारून घ्या. पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीत, म्हणजे अनेक हस्तलिखितं ताडून ठरवलेल्या आवृत्तीत, गणपती लेखनिक झाल्याची कथा मुख्य पाठात नाही, प्रचलित प्रतींमध्ये आहे. अशा एका प्रश्नावर गुण जातात.