तळ्याकाठी झाडं लावायची, तर आधी पाण्याची रेघ पाहा

नागपुरातला फुटाळा असो की सोनेगाव, तळ्याकाठच्या बागेचं काम आलं की मी पहिले नकाशा उघडत नाही, काठावरचे दगड पाहतो. पावसाळ्यात पाणी जिथवर चढलं, तिथे दगडावर मळकट पट्टा राहतो. त्यावर चुन्याची खूण करायची. दुसरी खूण नवतपात, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक दिवसांत, पाणी पार तळाला गेल्यावर. या दोन खुणांमधली जमीन पावसाळाभर पाण्यात बुडते आणि मे महिन्यात ४५ अंशांत भेगाळते. नर्सरीतलं निम्मं सामान इथेच मरतं.

माझंही मेलं. पहिल्याच कामात या पट्ट्यात चाळीस कडुनिंब लावले. नागपूरच्या उन्हाला कडुनिंब काय भीक घालणार, असा माझा हिशोब. पोळ्यापर्यंत पानं पिवळी पडली. एक रोप उपटून पाहिलं, तर मुळ्या काळ्या. चिमटीत धरून ओढलं की साल मोज्यासारखी निघून यायची, आणि वास सडक्या अंड्याचा. गाडीतून चुकून आलेला एक अर्जुन मात्र शेजारीच, गुडघाभर पाण्यात हिरवागार!

तेव्हापासून त्या पट्ट्यात वरच्या अंगाला अर्जुन, वाळुंज, जांभूळ, करंज. रोप पाच फुटी घ्या. शेंडा बुडाला की अर्जुनही फार दिवस काढत नाही. खालच्या अंगाला वाळा, लव्हाळा, कर्दळ. वाळ्याचे ठोंब काठाला समांतर, फूटभर अंतरावर, म्हणजे लाटेनं माती खचत नाही. दिवाळीनंतर पाणी उतरत जातं, तसं त्याच्या मागे मागे लावत जा. ओल फुकट मिळते. पाणकणीस जपून, ते दोन वर्षांत अख्खा काठ गिळतं. बेशरम तर फुलांवर भाळूनही नको.

चुन्याच्या वरच्या रेघेपलीकडे कडुनिंब, बहावा, पळस, काय हवं ते लावा, मृगाचा पाऊस पडल्यावर. आपल्या काळ्या मातीत खड्डा फावड्यानं गुळगुळीत कापला तर त्याची बादली होते, पाणी साचून राहतं. सब्बलनं, म्हणजे पहारीनं, भिंती ओरबाडा आणि रोप वीतभर उंचवट्यावर बसवा. पहिले दोन उन्हाळे टँकर लागतोच. बजेटात तो आधी लिहा, बेंच नंतर.

मातीच्या पाळीवर, म्हणजे तळ्याच्या बांधावर, मात्र मोठं झाड नाहीच. मूळ मेलं की त्याच्या पोकळीतून पाणी झिरपायला वाट मिळते, आणि वादळात झाड उपटलं तर पाळीचा लचका घेऊन जातं. अंबाझरी तलाव भरून वाहिला की वस्त्यांत पाणी कसं शिरतं, ते २०२३ च्या सप्टेंबरात शहरानं पाहिलंय. पाळीवर हरळी ठेवा. गावकरी सावली मागतील, ती पाळीच्या पायथ्यापासून दूर द्या.

लोक पाणी पाहायला येतात हे विसरू नका. बेंचवर बसून पाहा: दोन ते सात फुटांमध्ये पानांचा पडदा नको. झुडपं गुडघ्याच्या खाली, झाडांच्या फांद्या डोक्याच्या वर. संध्याकाळी बायामाणसांनाही मोकळं वाटतं.

आणि रोपं उतरवण्याआधी एखाद्या रविवारी तिथे नुसते उभे राहा. पोरं, भुट्टेवाले कुठून पाण्याशी उतरतात ते पाहा आणि तेवढी वाट रिकामी सोडा. मी एकदा तिथे मेंदी लावली होती. आठ दिवसांत मधोमध भोक.