पेटंट तर मिळालं, आता त्यातून पैसे कसे काढायचे? (युनिव्हर्सिटी आणि रिसर्च संस्थांसाठी)

पेटंट मिळालं की संस्थेच्या वेबसाइटवर बातमी लागते, सर्टिफिकेट फ्रेम होऊन डायरेक्टरच्या केबिनमध्ये जातं, आणि मग वर्षानुवर्षं होतं काय तर रिन्यूअलची बिलं भरली जातात. उत्पन्न शून्य. यात नवल काहीच नाही, कारण पेटंट म्हणजे दुसऱ्याला अडवायचा हक्क, बस. पैसे देऊन तो हक्क वापरायला कुणी तयार झालं तरच पैसा येतो, आणि असा गिऱ्हाईक शोधायचं काम फाइल करायच्या आधीच सुरू करावं लागतं. अमेरिकेतल्या नावाजलेल्या युनिव्हर्सिट्या धरल्या तरी बहुतेक टेक्नॉलॉजी ट्रान्सफर ऑफिसांचा (टीटीओ, म्हणजे संस्थेचे शोध कंपन्यांपर्यंत नेणारी ऑफिसं) खर्च त्यांच्या कमाईतून निघत नाही, ज्यांना एखादा मोठा हिट लागला त्यांचीच नावं आपण ऐकत असतो. तेव्हा पाय जमिनीवर ठेवून सुरुवात करा.

सगळ्यात आधी कागद बघा, म्हणजे शोध नक्की कुणाच्या मालकीचा आहे ते. प्रोफेसर, पीएचडीवाले, पोस्टडॉक, बाहेरून सहा महिन्यांसाठी आलेला पाहुणा, दुसऱ्या संस्थेचा को-गाईड, मशीन फुकट वापरायला देणारी कंपनी, यातल्या प्रत्येकाचा हक्क कुठे जातो ते जॉइन होतानाच लिहून घ्या. ग्रँट सरकारी असेल तर ग्रँटच्या अटी वाचा (अमेरिकेत 1980 च्या बे-डोल कायद्यामुळे युनिव्हर्सिट्यांना सरकारी पैशातून झालेले शोध स्वतःकडे ठेवता यायला लागले, सगळीकडे नियम तसाच असेल असं धरून चालू नका). स्टॅनफर्डचं प्रकरण तर या विषयात काम करणाऱ्या प्रत्येकाने वाचावं असं आहे. तिथल्या एका संशोधकाने युनिव्हर्सिटीला लिहून दिलं होतं की मी हक्क देईन. नंतर तो सीटस नावाच्या कंपनीच्या लॅबमध्ये तंत्र शिकायला गेला आणि तिथे आत जाताना ज्या कागदावर सही केली त्यात लिहिलेलं होतं की मी याद्वारे हक्क देत आहे. पहिलं नुसतं वचन होतं, दुसऱ्या सहीने हक्क तिथल्या तिथे गेला. झालं, पुढे एचआयव्हीचं प्रमाण मोजायच्या टेस्टवरून रोश कंपनीशी भांडण लागलं, कारण सीटसचा तो धंदा रोशने घेतला होता, आणि 2011 मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टातसुद्धा स्टॅनफर्ड हरली. बे-डोल आहे म्हणून हक्क आपोआप युनिव्हर्सिटीकडे येत नाही असं कोर्टाने सांगितलं. आपल्या संस्थेचा फॉर्म आजच काढून ती ओळ बघा, "देईन" असेल तर वकिलाकडून बदलून घ्या.

दुसरं म्हणजे पेपर आणि पेटंटची तारीख. संशोधकाला पेपर लवकर हवा असतो, कॉन्फरन्सची डेडलाइन असते, आणि थीसिस लायब्ररीत गेला किंवा पोस्टर भिंतीवर लागलं तरी तो शोध जाहीर झालाच. अमेरिकेत जाहीर केल्यावरही पेटंटचा अर्ज करायला एक वर्षाची सवलत मिळते, युरोपात जवळपास नाहीच. कोहेन आणि बॉयर यांच्या डीएनए जोडायच्या तंत्राचं उदाहरण घ्या, ज्याच्यावर पुढे अख्खी बायोटेक इंडस्ट्री उभी राहिली. पेपर आला नोव्हेंबर 1973 मध्ये, स्टॅनफर्डच्या ऑफिसला उशिरा कळलं, अर्ज गेला नोव्हेंबर 1974 मध्ये, वर्षाची मुदत संपायला जेमतेम आठवडा राहिला असताना. अमेरिका वाचली, बाकी देश गेले. तरी 1997 मध्ये मुदत संपेपर्यंत 468 कंपन्यांनी लायसन्स घेतलं आणि साधारण 25.5 कोटी डॉलर आले. बाहेरच्या देशांतले किती गेले ते ज्याचं त्याने मोजावं. म्हणून पेपर थांबवू नका, फक्त सबमिट करायच्या आधी एक पानाचा डिस्क्लोजर फॉर्म (शोध काय आहे ते सांगणारा) टीटीओकडे गेला पाहिजे एवढा नियम करा, आणि ऑफिसने दोन-तीन आठवड्यांत उत्तर दिलंच पाहिजे हाही नियम करा, नाहीतर पुढच्या वेळी कुणी फॉर्म भरणार नाही.

मग येते गाळणी, आणि इथे बहुतेक संस्था कच खातात कारण प्रोफेसरला नाही म्हणायचं जिवावर येतं. शिवाय रँकिंगमध्ये पेटंटची संख्या मोजली जाते म्हणून दिसेल ते फाइल करतात. माझं मत विचाराल तर दहा डिस्क्लोजर आले तर त्यातले दोन-तीनच पुढे न्यावेत. विचारायचे प्रश्न साधे आहेत. हे नसताना लोक आज काय वापरतात, आणि आपलं त्यापेक्षा इतकं बरं आहे का की कुणी चालू लाइन बदलेल? कुणी चोरून वापरलं तर आपल्याला कळेल का? हा दुसरा प्रश्न कुणी विचारतच नाही. फॅक्टरीच्या आत चालणारी प्रोसेस असेल आणि तयार मालावर तिची काही खूण दिसत नसेल तर पेटंट कितीही भारी असो, वसुली कशी करणार? तिसरं, पेटंट कुणाला विकणार त्या पाच कंपन्यांची नावं संशोधकाला सांगता येतात का? नाही आली तर थांबा.

फाइल करताना खर्च पुढे ढकलत जायचा, ही त्यातली युक्ती. पहिला अर्ज एका देशात करा, त्या तारखेपासून 12 महिने मिळतात, त्यात पीसीटी अर्ज (बऱ्याच देशांसाठी एकच आंतरराष्ट्रीय अर्ज) टाका, मग वेगवेगळ्या देशांत शिरायची वेळ पहिल्या तारखेपासून साधारण 30 महिन्यांनी येते. खरा मोठा खर्च तिथे असतो, ट्रान्सलेशन, तिथले वकील, प्रत्येक देशाची फी. म्हणजे अडीच वर्षांत लायसन्स घेणारा मिळवायचा आणि तो खर्च त्याच्या माथी मारायचा. नाही मिळाला तर एक-दोन देश सोडून बाकीचं जाऊ द्यायचं, जीव अडकवायचा नाही. एक लक्षात ठेवा, घाईत केलेला पातळ प्रोव्हिजनल (तात्पुरता पहिला) अर्ज फसवतो, कारण त्यात जे लिहिलेलंच नाही त्याला ती आधीची तारीख मिळत नाही.

गिऱ्हाईक कुठून येतं? पोर्टलवर यादी टाकून सहसा कुणी येत नाही. येतात ते संशोधकाच्या ओळखीतून, कॉन्फरन्सला भेटलेला कंपनीतला माणूस, कंपनीत गेलेला जुना विद्यार्थी, आधी कन्सल्टन्सी दिलेली फर्म. म्हणून फॉर्ममध्येच ओळखीच्या लोकांची नावं मागून घ्या. मग गुपित न फोडणारं एक पान तयार करा, प्रॉब्लेम काय, निकाल काय आला (आकड्यात), काम कुठल्या टप्प्यावर आहे, पेटंटची स्थिती काय. खोलात बोलायची वेळ आली की एनडीए, म्हणजे गुप्ततेचा करार. कंपनी अजून साशंक असेल तर सरळ लायसन्सच्या मागे लागू नका, सहा महिने किंवा वर्षाचा ऑप्शन (तेवढा काळ लायसन्स त्यांच्यासाठी राखून ठेवणं) द्या, थोडी फी घेऊन, तेवढ्यात त्यांना टेस्ट करू दे. बऱ्याचदा त्याच कंपनीकडून स्पॉन्सर्ड रिसर्चचे (कंपनीच्या खर्चाने करायच्या संशोधनाचे) पैसे येतात आणि खरं सांगायचं तर कित्येक संस्थांना रॉयल्टीपेक्षा (विक्रीवर मिळणाऱ्या टक्क्यापेक्षा) तेच जास्त मिळतात.

आता लायसन्स एक्सक्लुझिव्ह, म्हणजे एकालाच, द्यायचं की सगळ्यांना? सगळ्या लॅबना लागेल असं मूलभूत तंत्र असेल तर सगळ्यांना आणि स्वस्तात. कोहेन-बॉयरच्या वेळी सुरुवातीला 10,000 डॉलर आणि दरवर्षी किमान 10,000, एवढी रक्कम कंपन्यांना कोर्टात भांडण्यापेक्षा परवडत होती म्हणून त्या आल्या. औषध असेल तर मात्र एक्सक्लुझिव्हशिवाय कुणी हात लावणार नाही, ट्रायलचा एवढा खर्च करून शेजारच्याला तेच मिळणार असेल तर कोण करेल. पण एक्सक्लुझिव्ह देताना क्षेत्र आणि देश कापून द्या, म्हणजे माणसांच्या औषधाचं एकाला, जनावरांचं दुसऱ्याला. आणि कामाची अट घाला, अमुक तारखेपर्यंत प्रोटोटाइप, अमुक तारखेपर्यंत विक्री, नाहीतर हक्क परत. ही अट नसली की कंपनी पेटंट कपाटात ठेवून देते, स्पर्धकाला मिळू नये एवढ्यासाठीच. संस्थेला स्वतःच्या रिसर्च आणि शिकवण्यासाठी वापरायचा हक्क राखून ठेवायला विसरू नका.

पैशाची कलमं बघू, कारण टक्केवारीवर सगळे भांडतात आणि पैसा जातो व्याख्येतून. समजा 3 टक्के रॉयल्टी "नेट सेल्स"वर (वजावटी काढून उरलेल्या विक्रीवर) ठरली. कंपनी माल आपल्याच सिस्टर कंपनीला 40 ला विकते आणि ती बाजारात 100 ला विकते. करारात लिहिलेलं नसेल तर तुम्हाला 40 चे 3 टक्के, म्हणजे 1.20, मिळायला हवे होते 3. म्हणून शेवटच्या बाहेरच्या ग्राहकाला झालेल्या विक्रीवर असं स्पष्ट लिहा, वजावटी कुठल्या (टॅक्स, परत आलेला माल, वाहतूक) त्यांची बंद यादी द्या, "इत्यादी" शब्द दिसला की खोडा. तुमचा पार्ट मोठ्या मशीनमध्ये बसत असेल तर किती हिस्सा धरायचा ते आत्ताच ठरवा. त्याशिवाय सुरुवातीची फी, झालेला पेटंट खर्च परत, टप्प्यांवरचे पैसे, दरवर्षीची किमान रक्कम (ही सगळ्यात महत्त्वाची, आळशी लायसन्सी याच्यामुळेच उठतो किंवा सोडून जातो), त्याने पुढे सबलायसन्स दिलं तर त्यातला वाटा, आणि हिशोब तपासायचा हक्क. तो हक्क फक्त कागदावर ठेवू नका, कधीतरी ऑडिटर पाठवाच. आणि हो, अमेरिकेत पेटंट संपल्यावरची रॉयल्टी कोर्टात वसूल होत नाही, तेव्हा नो-हाऊचे (पेटंटबाहेरच्या माहिती आणि कसबाचे) पैसे वेगळे दाखवा.

स्टार्टअपकडे रोख नसते, तिथे शेअर घ्यायचे. स्टॅनफर्डने गुगलला पेजरँकचं (सर्चचे निकाल क्रमाने लावायच्या तंत्राचं) लायसन्स देताना शेअर घेतले आणि ते विकून 33.6 कोटी डॉलर मिळाले, पण असं गुगल रोज येत नाही. स्टार्टअपमध्ये प्रोफेसर स्वतः असेल तर वाटाघाटीला तोच दोन्ही बाजूंनी बसणार नाही याची काळजी घ्या.

आलेल्या पैशाची वाटणी आधीच छापील नियमात हवी, पैसा आल्यावर नाही. स्टॅनफर्डची पद्धत बरीच सुटसुटीत आहे, आधी ठरलेला वाटा ऑफिसला, थेट झालेला खर्च वजा, उरलेल्याचे तीन भाग, शोधकर्ता, डिपार्टमेंट, स्कूल (म्हणजे विद्याशाखा). शोधकर्त्याला घसघशीत वाटा नसेल तर तो फॉर्म भरणार नाही आणि कंपनीचे फोनही उचलणार नाही.

मोठी रॉयल्टी चालू झाली तर ती पुढची सगळी एकरकमी विकताही येते. एमरी युनिव्हर्सिटीने 2005 मध्ये एचआयव्हीच्या एका औषधावरचा हक्क 52.5 कोटी डॉलरला विकला, औषध पुढे चालेल की नाही ही जोखीम घेणाऱ्यावर गेली.

कोर्टाचं काय? कार्नेगी मेलन युनिव्हर्सिटीने मार्व्हल नावाच्या चिप कंपनीवर 2009 मध्ये केस केली, तडजोड झाली 2016 मध्ये, 75 कोटी डॉलर. ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेने वायफायच्या पेटंटवरून वर्षानुवर्षं भांडून 43 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर मिळवले. रक्कम बघून भुलू नका, इतकी वर्षं वकील पोसायची ताकद किती संस्थांकडे असते? बहुतेकांनी आधी सभ्य पत्र लिहून लायसन्स देऊ करावं, पत्राचा मजकूर मात्र वकिलाकडून तपासून, कारण धमकीवजा पत्रामुळे समोरचाच पेटंट रद्द करायला कोर्टात जाऊ शकतो.

आणि दरवर्षी रिन्यूअलच्या आधी एक मीटिंग घ्या. चार-पाच वर्षं झाली, कुणी विचारलं नाही, संशोधकही दुसऱ्या विषयाकडे वळला, अशा पेटंटची फी भरू नका. आधी संशोधकाला विचारा, तुला हवं का, स्वतःच्या खर्चाने चालव. नको म्हणाला तर सोडून द्या आणि ती फी पुढच्या अर्जाच्या ड्राफ्टिंगवर घाला.