स्वस्त विमानसेवा: परदेशी मॉडेल भारतात आणताना या चुका टाळा

टेक्सासच्या साउथवेस्ट या विमान कंपनीने बसवलेलं आणि युरोपातल्या रायनएअरने आणखी पिळलेलं गणित कागदावर सोपं दिसतं: एकाच जातीची विमानं, झटपट फेऱ्या, शहराबाहेरचा स्वस्त विमानतळ. भारतात नेमकं इथेच घोडं अडतं.

स्वस्त विमानतळ गृहीत धरू नका. पॅरिसला जाणारी रायनएअर शहरापासून दूरच्या बोव्हे विमानतळावर उतरू शकते. मुंबईला दुसरा विमानतळ मिळायला 2025 उजाडलं. मोठ्या विमानतळांचे दरही नियामक ठरवतो, त्यामुळे घासाघीस करून सवलत मिळेल ही आशा ताळेबंदात धरू नका.

जमिनीवरचा वेळ वाचवला म्हणजे फेरी वाढलीच, असंही नाही. दिवसाला सहा उड्डाणं म्हणजे मधले पाच थांबे. प्रत्येक थांबा 45 वरून 30 मिनिटांवर आणला की 75 मिनिटं सुटतात, म्हणजे जवळपास मुंबई-गोवा एक उड्डाण. पण मुंबईत स्लॉटच, म्हणजे उतरण्या-उडण्याची ठरलेली वेळच, नसेल तर ती मिनिटं कुजतात. आधी स्लॉट, मग वेळापत्रक.

सगळ्यात जास्त पैसा इंधनात जातो. ते जीएसटीत नाही. राज्यागणिक व्हॅट वेगळा, 2025 मध्ये दिल्लीत 25 टक्के होता तर काही राज्यांत अगदी किरकोळ. म्हणून स्वस्त ठिकाणी टाकी भरून घेण्याचा मोह होतो. मात्र जादा भरलेल्या इंधनापैकी तासाला साधारण 3 ते 4 टक्के ते वाहून नेण्यातच जळतं. दोन तासांच्या उड्डाणात दराचा फरक 8 टक्क्यांहून जास्त असेल तरच हा खटाटोप करा, आणि उतरतानाच्या वजनाची मर्यादा आधी तपासा.

एकच प्रकारचं विमान हा हट्ट छोट्या गावांत महागात पडतो. तिथे मोठ्या विमानाच्या 180 खुर्च्या रोज भरत नाहीत. 80 पेक्षा कमी आसनांच्या विमानाला देशांतर्गत लँडिंग शुल्कात माफी आहे. इंडिगोच्या एटीआर या छोट्या, पंख्याच्या विमानातल्या 78 खुर्च्या त्यात चपखल बसतात. पण दोन-तीनच एटीआर आणाल तर सुटे भाग, वेगळे वैमानिक आणि प्रशिक्षण यांतच नफा जाईल.

भाडेपट्टा आणि इंजिनदुरुस्ती डॉलरमध्ये, तिकीट रुपयांत. रुपया घसरला तरी तिकीट परवडेल का, हे विमान मागवण्याआधी तपासा.

वैमानिकही मोजून-मापून ठेवू नका. 2025 मध्ये त्यांची साप्ताहिक विश्रांती 36 वरून 48 तास झाली, रात्रीच्या लँडिंगवर मर्यादा आली, आणि डिसेंबरमध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली. नियम लागू होण्याआधीच नव्या तासांनी रोस्टर, म्हणजे वैमानिकांच्या ड्युटीचं वेळापत्रक, चालवून पाहा. भरती आणि प्रशिक्षणात महिनोन् महिने जातात.