हेड्रियनच्या भिंतीलगतची पायी सहल: गाईडसोबत कशी आखावी

इंग्लंडच्या उत्तरेला, टाइन नदीपासून सॉल्वेच्या खाडीपर्यंत, रोमन साम्राज्याची सरहद्द आजही पायी चालता येते. सम्राट हेड्रियनच्या काळात, इ.स. १२२ मध्ये, ही भिंत बांधायला घेतली. भिंत सुमारे ११७ किलोमीटर लांब. तिच्या सोबतीने जाणारी राष्ट्रीय पायवाट २००३ साली खुली झाली, ती १३५ किलोमीटरची आहे.

या वाटेवर बऱ्याच ठिकाणी भिंत दिसतच नाही. अठराव्या शतकातल्या लष्करी रस्त्याखाली तिचा मोठा भाग गेला. दगड शेतांच्या बांधांत आणि चर्चच्या भिंतींत गेले. शेतातला लांबट उंचवटा म्हणजे रोमन खंदकाची कड आहे, हे कुणी दाखवलं नाही तर आपण तो ओलांडून पुढे निघून जातो. म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्याने गाईड घ्यावाच, असं माझं ठाम मत आहे.

१. महिना ठरवा. मे ते सप्टेंबर उत्तम. हिवाळ्यात जमीन भिजलेली असते आणि बुटांनी मातीखालचे अवशेष दुखावतात, त्यामुळे तेव्हा ही वाट टाळावी. भारतीय पासपोर्टवर ब्रिटनचा व्हिजिटर व्हिसा लागतो. तो हातात येईपर्यंत पैसे परत न मिळणारं बुकिंग करू नका.

२. दिवस मोजा. पूर्ण वाटेला साधारण आठवडा लागतो. तेवढी रजा नसेल तर दोन्ही टोकांची शहरं सोडा आणि चोलरफोर्ड ते बर्डऑस्वाल्ड हा मधला टप्पा तीन दिवसांत करा. चेस्टर्स आणि हाउसस्टेड्स हे किल्ले, कड्यांच्या माथ्यावरून धावणारी भिंत, सगळं इथेच आहे. वाटेवरचा सर्वांत उंच माथा, विन्शील्ड्स, फक्त ३४५ मीटरचा. सह्याद्रीत फिरणाऱ्याला हा आकडा किरकोळ वाटेल, पण लागोपाठचे चढउतार, ओला दगड आणि समोरून येणारा पश्चिमेचा वारा चांगलंच दमवतात.

३. टूर कंपनीला नेमके प्रश्न विचारा. गाईडला पुरातत्त्वाची जाण आहे का? सामान रोज पुढच्या मुक्कामी पोहोचवतात का? शाकाहारी डबा मिळेल का? आणि सर्वांत महत्त्वाचं: विंडोलांडाला किती वेळ दिला आहे? तासाभरात उरकत असतील तर दुसरी टूर बघा.

विंडोलांडा हा भिंतीच्या थोडा दक्षिणेला असलेला, भिंतीहूनही जुना किल्ला. १९७३ साली इथे शाईने लिहिलेल्या पातळ लाकडी पट्ट्या सापडू लागल्या. ओल्या मातीत हवा न पोहोचल्यामुळे त्या टिकल्या. त्यात रसदीच्या याद्या आहेत, पत्रं आहेत. इ.स. १०० च्या सुमारास क्लॉडिया सेवेरा नावाच्या स्त्रीने मैत्रिणीला, सुल्पिसिया लेपिडिनाला, वाढदिवसाला बोलावलं ते पत्रही आहे, आणि त्याच्या शेवटच्या ओळी तिच्या स्वतःच्या हातच्या आहेत. बहुतेक पट्ट्या लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, तरी त्या जिथे पुरल्या गेल्या ती जागा पाहण्याने सैन्याच्या इतिहासात माणसं दिसू लागतात. इथलं तिकीट वेगळं असतं. टूरच्या खर्चात धरलंय का, ते विचारून घ्या.

४. चालताना पथ्यं पाळा. भिंतीवर चढू नका. एकामागोमाग एक चालण्याची ट्रेकची सवय इथे मोडा. गवतावरून शेजारी-शेजारी चाललं की एकच पायवाट खणली जात नाही. मेंढ्यांची फाटकं उघडाल तशी बंद करा. भिंतीलगतच्या सिकॅमोर गॅप या खिंडीतलं एकटं झाड जुन्या फोटोंत दिसेल. सप्टेंबर २०२३ मध्ये ते कुणीतरी रात्रीतून कापलं, याचं दुःख त्या भागातल्या लोकांइतकंच दूरच्यांनाही झालं. बुंध्याला नंतर कोंब फुटले आहेत, कुंपणाबाहेरूनच बघा.

५. शेवटचा टप्पा भरतीच्या वेळापत्रकावर ठरवा. पश्चिम टोकाजवळच्या कार्लाइल शहराच्या पुढे डाइक्सफील्ड ते ड्रमबर्ग हा रस्ता मोठ्या भरतीत पाण्याखाली जातो. गाईड हे बघतोच, तरी आदल्या रात्री विचारून ठेवा. वाट बोनेस-ऑन-सॉल्वे या लहानशा गावात संपते. तिथून कार्लाइलला परतणाऱ्या बस फार कमी आहेत, म्हणून परतीची गाडी कंपनीकडूनच ठरवून घ्या. कार्लाइलहून लंडनला थेट रेल्वे आहे.