ऑबर्नच्या दरीत माउंटन बाइक: उतारावरचं वळण कसं घ्यावं

सॅक्रामेंटोहून आय-८० ने ईशान्येला निघालं की सपाट मैदान संपतं आणि सिएरा नेवाडाच्या पायथ्याच्या टेकड्या सुरू होतात. तिथे ऑबर्न गावाच्या खाली, खोल दरीत, अमेरिकन नदीचा उत्तर फाटा आणि मध्य फाटा एकमेकांना मिळतात. या संगमाच्या दोन्ही बाजूंना सायकलसाठी खुल्या असलेल्या पायवाटांचं मोठं जाळं आहे. फॉल्सम, रोझव्हिल किंवा बे एरियात राहणाऱ्या आणि लहानपणी गावात, घाटात सायकल चालवलेल्या मंडळींसाठी हे लिहिते आहे. हेल्मेट, हातमोजे, पाणी, पंक्चरचं सामान हे तुम्ही घेणारच, त्यात शब्द घालवत नाही.

एक गोष्ट मात्र आधी सांगते, कारण ती ठाऊक असली की ही दरी वेगळी दिसते. इथे मोठं धरण होणार होतं. १९६५ साली ऑबर्न धरणाला मंजुरी मिळाली, जमिनी घेतल्या गेल्या, काम सुरू झालं. १९७५ मध्ये उत्तरेला ओरोव्हिलजवळ भूकंप झाला, धरणाच्या सुरक्षिततेवर प्रश्न उभे राहिले आणि काम थांबलं ते कायमचंच. संगमावर उभं राहून वर पाहिलं की फॉरेस्टहिलचा पूल दिसतो, नदीपासून ७३० फूट उंच. १९७३ साली तो एवढा उंच बांधला, कारण खाली जलाशय भरणार होता. धरण झालं असतं तर तुम्ही ज्या वाटांवर सायकल चालवणार आहात त्यातल्या कितीतरी आज पाण्याखाली असत्या. त्यामुळे चिखलात चाकोऱ्या पाडू नका आणि वळणं कापून नव्या वाटा काढू नका.

कधी जायचं. ऑक्टोबर ते मे. उन्हाळ्यात दरी तापते, पारा ३८ अंशांच्या वर जातो, आणि संगमावर पोहायला आलेल्यांच्या गाड्यांमुळे पार्किंग मिळत नाही. जायचंच असेल तर उजाडता उजाडता निघा. पावसानंतर एक-दोन दिवस थांबलात तर माती दाबून बसलेली मिळते आणि टायर सर्वांत चांगला धरतो. पाऊस पडत असताना किंवा लगेच नंतर कूल गावाजवळच्या ओल्मस्टेड लूपवर जाऊ नका. तिथली चिकणमाती चाकाला आणि फ्रेमला चिकटून सायकल अडवते, वाटही खराब होते.

कुठून सुरू करायचं. पहिल्या दिवशी क्वारी ट्रेल. जुन्या खाणीकडे जाणारी रुंद वाट, डावीकडे खाली मध्य फाटा, चुकायला जागा नाही. दुसऱ्या खेपेला फॉरेस्टहिल डिव्हाइड लूप: साधारण ११ मैल, चढउतार आलटून पालटून, ओक आणि मँझनिटाच्या सावलीतून. या दोन ठिकाणी हात बसला की मगच संगमावरचा खरा फेरा.

तो असा: संगमाजवळ गाडी लावा, उत्तर फाट्याच्या काठाने लेक क्लेमेंटाइन ट्रेल चढा. वाट फॉरेस्टहिलच्या पुलाखालून जाते आणि पुढे नॉर्थ फोर्क धरण दिसतं. १९३९ सालचं हे धरण वरच्या सोन्याच्या खाणींतून वाहून येणारा गाळ अडवायला बांधलं होतं. तिथून डांबरी रस्त्याने वर फॉरेस्टहिल रोडपर्यंत. मग फ्युएल ब्रेक नावाची ट्रेल, त्यानंतर रस्त्याखालच्या नळकांड्यातून जाणारी कल्व्हर्ट ट्रेल, आणि शेवटी मध्य फाट्याच्या कड्यावरून परत संगमाकडे आणणारी कॉन्फ्लुअन्स ट्रेल. चढ दमवतो, पण त्यात शिकवण्यासारखं काही नाही. हलका गिअर, सीटवर बसून, धापा टाकत चढा.

खरं काम: उतारावरचं वळण. कल्व्हर्ट उतरताना आणि त्यानंतर कॉन्फ्लुअन्सवर बहुतेक लोक पडतात ते वळणात. वाट अरुंद, एका बाजूला दरी, आणि जमीन अशी की खाली टणक थर आणि वर सुटी माती, बारीक खडी. मला हे जमायला खूप वेळ लागला आणि त्या काळात लोकांनी दोन सल्ले पुन्हा पुन्हा दिले: "मागे सरक" आणि "पुढच्या ब्रेकला हात लावू नकोस." दोन्ही सल्ले चुकीचे आहेत. ते कुणी दिले तर ऐकून घ्या आणि विसरा.

आधी ब्रेक. सायकल थांबते तेव्हा वजन पुढे जातं आणि पुढचा टायर जमिनीत दाबला जातो. म्हणजे पकड पुढे असते. मागचं चाक त्याच वेळी हलकं होतं, म्हणून मागचाच ब्रेक दाबलात तर ते घसरतं, वेग फारसा कमी होत नाही आणि वाटेवर ओरखडा उमटतो. उतारावर थांबवण्याचं मुख्य काम पुढच्या ब्रेकचं आहे. तो झटक्याने नाही, एका बोटाने, हळूहळू वाढवत दाबायचा.

आणि इथे आपल्या लोकांसाठी एक धोका आहे, जो इथले प्रशिक्षक सांगत नाहीत कारण त्यांना तो माहीतच नसतो. भारतात सायकलचा पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो, स्कूटर-मोटरसायकलचाही. अमेरिकेत सायकलचा पुढचा ब्रेक डाव्या हाताला असतो. सपाट रस्त्यावर हे लक्षातही येत नाही. पण घाबरलेल्या क्षणी हात जुन्या सवयीने दाबतो. पुण्यात वाढलेला माणूस मागचा ब्रेक म्हणून डावा लिव्हर घट्ट आवळतो, पुढचं चाक जागच्या जागी थांबतं आणि तो हँडलवरून पुढे जातो. म्हणून भाड्याने सायकल घेतलीत तर दुकानातून निघण्याआधी पुढचं चाक उचलून फिरवा, एकेक लिव्हर दाबून कुठला कुणाचा ते पाहा, आणि पार्किंगमध्ये दहा-पंधरा मिनिटं फक्त थांबण्याचा सराव करा. स्वतःची सायकल असेल तर लिव्हर अदलाबदल करून घेता येतात. माझं मत: करू नका. इथे मित्राची, भाड्याची, दुकानाची प्रत्येक सायकल डाव्या हाताचीच असणार आहे, तेव्हा हातालाच नवी सवय लावा. आणि सुट्टीत पुण्याला गेलात की हाच सराव उलटा करा.

आता वळण. टायरची पकड मर्यादित असते. ब्रेकला जितकी वापराल तितकी वळायला उरत नाही. सुट्या मातीवर ती आधीच कमी, त्यात वळताना ब्रेक आवळला की पुढचं चाक बाजूला सरकतं, आणि तिथून सावरणं कुणालाच सहज जमत नाही. म्हणून सगळा वेग वळणाच्या आधी, सायकल सरळ असताना कमी करायचा. किती? चालण्याच्या वेगापर्यंत. सुरुवातीला हे हास्यास्पद हळू वाटेल. वाटू द्या. हेअरपिन वळणात शिरताना वेग कमी वाटला तर काही बिघडत नाही, जास्त असेल तर सगळंच बिघडतं.

वेग कमी झाला की सीट खाली. ड्रॉपर (बटणाने खाली-वर होणारी सीटची दांडी) असेल तर बटण दाबून, नसेल तर उतार सुरू होण्याआधीच थांबून सीट खाली करा, आळस करू नका. सीट वर ठेवून वळणं उतरणारा माणूस सायकल खाली झुकवूच शकत नाही, कारण सीट त्याच्या मांडीला अडते. पॅडलवर उभे राहा, गुडघे आणि कोपरं वाकलेली, छाती हँडलकडे उतरलेली. "मागे सरक" हा सल्ला घातक आहे तो याच ठिकाणी: तुम्ही मागे गेलात की हात ताणले जातात, पुढचं चाक हलकं होतं आणि ज्या चाकाने वळायचं तेच जमीन सोडायला लागतं. टाचा खाली ढकला, वजन पायांत ठेवा, पण नितंब मागच्या चाकावर लटकवू नका.

वळणात बाहेरच्या कडेने शिरा. बाहेरचं पॅडल खाली, त्यावर सगळा भार. मग सायकल आत झुकवा, शरीर मात्र तिच्या वर सरळ. वळणाच्या मध्याला पुढचा ब्रेक सोडलेला हवा. फारच उभा उतार असेल तर मागचा अगदी हलका धरून ठेवला तरी चालतो. आणि नजर. वळणात शिरण्याच्या आधीच मान वळवून बाहेर पडण्याच्या जागेकडे पाहा. दरीकडे पाहिलंत तर सायकल दरीकडेच जाते, कारण जिकडे नजर तिकडे खांदे, आणि खांदे तिकडे हँडल. ही एक गोष्ट जमली की बाकी निम्म्या चुका आपोआप सुटतात.

जमत नाहीसं वाटलं तर उतरून सायकल हातात घेऊन वळण पार करा. यात कमीपणा काहीच नाही. उतरताना पाय नेहमी डोंगराच्या बाजूला टाका, दरीच्या बाजूला नाही. कॉन्फ्लुअन्सवर जिथे वाट कड्याला चिकटून सरळ जाते तिथे पॅडल समपातळीत ठेवा. डोंगराकडचं पॅडल खाली राहिलं तर खडकाला लागतं आणि धक्का तुम्हाला बाहेर, म्हणजे दरीकडे ढकलतो.

हे सगळं एकदम कड्यावर शिकू नका. डिव्हाइड लूपवर एकच वळण निवडा, ते वरून पुन्हा पुन्हा उतरा, मग पुढे जा. टायरमध्ये हवाही कमी ठेवा: ट्यूबलेस, रुंद टायर आणि सत्तर किलोच्या आसपासचा माणूस असेल तर पुढे साधारण २१, मागे २४ पीएसआय. दगडासारखा कडक टायर सुट्या मातीवर धरत नाही.

वाटेवरचे इतर. घोडे भेटणारच. ऑबर्न हे लांब पल्ल्याच्या घोडेस्वारीचं गाव आहे. १९५५ पासून टेव्हिस कपची शंभर मैलांची दौड इथेच संपते, आणि १९७४ मध्ये एकाने तेच अंतर घोड्याशिवाय धावून काढलं, त्यातून वेस्टर्न स्टेट्सची शर्यत जन्मली. घोडा दिसला की थांबा, उतरा, उताराच्या खालच्या बाजूला उभे राहा आणि मोठ्याने बोला. आवाज ऐकला की घोड्याला कळतं की हे जनावर नाही, माणूस आहे. पायी चालणाऱ्यांनाही वाट द्या, घंटी लावा, आणि चढून येणाऱ्या सायकलस्वाराला आधी जाऊ द्या. वेस्टर्न स्टेट्स ट्रेलचा बराचसा भाग सायकलींना बंद आहे. पाटी असेल तिथे वळा, हुज्जत घालू नका.

रॅटलस्नेक उन्हात वाटेवर पडलेले असतात. अंतर ठेवून थांबा, ते निघून जातात.

पॉयझन ओक, अंगाला लागलं की खाज आणि पुरळ आणणारं झुडूप, मात्र नीट ओळखायला शिका. पळसाला पानं तीनच, तशीच यालाही एका देठाला तीन. उन्हाळ्याअखेर ती लाल होतात, हिवाळ्यात गळून फक्त काड्या उरतात आणि त्या काड्याही तितक्याच त्रास देतात. हे झाड बिब्ब्याच्या कुळातलं आहे, आणि बिब्बा उततो म्हणजे काय हे आजीकडून ऐकलेल्याला पुढचं सांगायला नको. त्याचं तेल हातमोजे, बूट, हँडल, कुत्र्याच्या केसांवर टिकून राहतं. घरी पोचल्यावर आधी साबण आणि गार पाण्याने हातपाय चोळून धुवा, कपडे वेगळे धुवायला टाका, मग हँडल आणि लिव्हर साबणाच्या ओल्या फडक्याने पुसा आणि हात पुन्हा धुवा. मुलांना जवळ घ्यायचं ते त्यानंतर.