डेबियन स्थिर हवं आणि सॉफ्टवेअरही ताजं हवं? या चुका टाळा

डेबियन ही लिनक्सवर आधारलेली ऑपरेटिंग सिस्टीम. तिची स्थिर आवृत्ती साधारण दोन वर्षांनी येते. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये, म्हणजे 'ट्रिक्सी'मध्ये, ग्नोम ४८ आणि प्लाझ्मा ६.३ हे डेस्कटॉप आणि कर्नल (सिस्टीमचा गाभा) ६.१२ आहे. पुढची आवृत्ती येईपर्यंत हे आकडे तिथेच राहणार. मग कुठेतरी नव्या ग्नोमची चित्रं दिसतात आणि हात शिवशिवायला लागतात. खरं तर ताजी हवी असतात दोन-तीन ॲप्सच, पण त्यांच्यासाठी अख्खी सिस्टीम हलवली जाते. माझ्या मते सगळे घोटाळे इथून सुरू होतात.

टेस्टिंगची एकच ओळ

सर्वात महागात पडणारी चूक हीच. सोर्सेसच्या, म्हणजे पॅकेजं कुठून घ्यायची त्या यादीत टेस्टिंगची (पुढच्या आवृत्तीची तयारी चालते त्या शाखेची) ओळ टाकायची, हवं ते एक पॅकेज घ्यायचं आणि विसरून जायचं, असा बेत असतो. पण ते पॅकेज टेस्टिंगमधल्या लायब्ररींवर (अनेक प्रोग्रामांना सामायिक असलेल्या कोडवर) बांधलेलं असतं. ते नवी सी लायब्ररी मागतं, आणि सिस्टीममधला जवळजवळ प्रत्येक प्रोग्राम त्याच लायब्ररीवर चालतो. शिवाय वेगळं काही सांगितलं नसेल तर एपीटी (डेबियनचं पॅकेजं बसवणारं साधन) स्थिर आणि टेस्टिंग दोघांना सारखाच, म्हणजे ५०० चा अग्रक्रम देतं आणि मोठा आवृत्ती क्रमांक निवडतं. त्यामुळे पुढच्या अपग्रेडला सगळंच टेस्टिंगकडे सरकू लागतं. २०२४ मध्ये ३२ बिट मशीनवरचा २०३८ सालचा वेळेचा प्रश्न (तेव्हा वेळ मोजणारा आकडा मावेनासा होतो) सोडवण्यासाठी टेस्टिंगमधल्या शेकडो लायब्ररी पॅकेजांची नावं बदलली. अशा काळात दोन आवृत्त्यांची सरमिसळ केलेल्या मशीनवर एपीटी चक्क डेस्कटॉपच काढून टाकायचा प्रस्ताव मांडू शकतं. काढायच्या पॅकेजांची यादी वाचल्याशिवाय एंटर दाबू नका.

ओळ टाकून बसला असाल तर आधी ती काढा, याद्या ताज्या करा आणि 'एपीटी पॉलिसी' वापरून कोणतं पॅकेज कुठून आलं ते पाहा. एखादं ॲपच तिकडून आलं असेल तर ते काढून स्थिरमधलं पुन्हा बसवा. सी लायब्ररीच बदलली असेल तर मागे ओढत बसू नका. पॅकेजांची आवृत्ती खाली आणणं डेबियनला अधिकृतपणे मान्य नाही. होम फोल्डरचा बॅकअप घेऊन नव्याने इन्स्टॉल करणं त्यापेक्षा लवकर उरकतं.

पूर्ण टेस्टिंग वापरणं हा प्रामाणिक पर्याय आहे, पण तिथे सुरक्षा दुरुस्त्या उशिरा पोचू शकतात. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइल लहान करणाऱ्या साधनातला चोरदरवाजा उघडकीस आला, तेव्हा बाधित पॅकेज टेस्टिंगमध्ये पोचलेलं होतं. स्थिर आवृत्ती त्यातून वाचली.

नवं कर्नल, जुने हेडर्स

नव्या लॅपटॉपचं वायफाय दिसत नाही म्हणून बॅकपोर्ट्स या डेबियनच्याच जादा भांडारातून कर्नल घेणं योग्यच आहे. तिथली पॅकेजं टेस्टिंगमधली असली तरी स्थिर आवृत्तीसाठी पुन्हा बांधलेली असतात, आणि तुम्ही मागितल्याशिवाय ती येत नाहीत. पण कर्नल एकटं आणलं की अडचण होते. एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर प्रत्येक कर्नलसाठी डीकेएमएस या साधनाकडून नव्याने बांधला जातो आणि त्यासाठी त्याच आवृत्तीचे हेडर्स (ड्रायव्हर बांधायला लागणाऱ्या कर्नलच्या फाइली) लागतात. ते नसले तर ड्रायव्हरचं मॉड्यूल बनत नाही आणि रीबूटनंतर काळा पडदा दिसतो.

घाबरू नका. मशीन सुरू होताना येणाऱ्या ग्रबच्या मेनूत प्रगत पर्यायांमध्ये जाऊन जुनं कर्नल निवडा, मशीन सुरू करा आणि हेडर्सचं पॅकेजही बॅकपोर्ट्समधूनच आणा. मग डीकेएमएसची स्थिती तपासा. तरीही मॉड्यूल बनत नसेल तर ड्रायव्हर त्या कर्नलसाठी जुना पडतोय. बॅकपोर्ट्समध्ये नवा आहे का बघा, नाहीतर जुन्या कर्नलवर थांबा. म्हणूनच नवं कर्नल नीट चालतंय याची खात्री होईपर्यंत जुनं काढायचं नाही. वायफायसाठी फर्मवेअरचं (हार्डवेअरच्या आत चालणाऱ्या सॉफ्टवेअरचं) पॅकेजही नवं लागू शकतं. डेबियन ११ वरून वर आलेल्यांनी एक गोष्ट आवर्जून बघावी: १२ पासून फर्मवेअरसाठी 'नॉन-फ्री-फर्मवेअर' हा वेगळा विभाग आहे. तो सोर्सेसमध्ये नसेल तर फर्मवेअर जुनंच राहतं.

ॲप्स ताजी हवीत तर

क्रिटा, गिम्प, ओबीएस अशा ॲप्ससाठी फ्लॅटपॅक स्वरूपातली पॅकेजं घ्या. ते स्वतःच्या लायब्ररी घेऊन येतात, सिस्टीमच्या पायाला हात लावत नाहीत. डिस्क मात्र जास्त खातात. चूक होते ती एकच ॲप एपीटी आणि फ्लॅटपॅक दोन्हीकडून बसवताना. मेनूत दोन आयकॉन दिसतात, दुसरं उघडलं की सेटिंग्ज उडाल्यासारख्या वाटतात. त्या उडालेल्या नसतात. फ्लॅटपॅक आपल्या सेटिंग्ज होममधल्या लपलेल्या 'व्हार' फोल्डरमध्ये वेगळ्या ठेवतं. एखादं फोल्डर ॲपला दिसत नसेल तर फ्लॅटसील या ॲपमधून परवानगी द्या.

पायथनच्या साधनांसाठी पिप (पायथनची पॅकेजं बसवणारं साधन) सुडोने, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने, चालवू नका. डेबियन १२ पासून सिस्टीमच्या पायथनमध्ये पिपला मज्जाव आहे. तो जबरदस्तीने मोडण्याऐवजी प्रत्येक साधन वेगळं ठेवणारं पिपएक्स वापरा.

आवृत्ती जुनी दिसली म्हणजे ती असुरक्षित, हाही गैरसमज. डेबियन सुरक्षा दुरुस्ती जुन्याच आवृत्तीत बसवतं, त्यामुळे मूळ क्रमांक सहसा तोच राहतो आणि फक्त त्याचं शेपूट बदलतं.

सोर्सेसमध्ये 'स्टेबल' असं लिहिलं असेल तर तिथे 'ट्रिक्सी' लिहा. नाहीतर डेबियन १४ येईल त्या दिवशी एपीटी आवृत्तीचं नाव बदलल्याबद्दल विचारेल, घाईत 'हो' म्हटलं जाईल आणि मोठं अपग्रेड तयारीविना सुरू होईल. ते करायचं तेव्हा डेबियनबाहेरच्या सगळ्या रेपॉझिटरी (पॅकेजांची भांडारं) आधी बंद करा आणि प्रकाशन टिपणं वाचा.